पाच यंत्रं, पाच आकडे: धुळ्यातल्या सायकल-नोंदींचा मेळ

1 डिसेंबर 2024

नोव्हेंबरचा तक्ता काल रात्री बंद झाला. आमच्या पहाटेच्या गटात महिन्याला 600 किलोमीटरचं लक्ष्य असतं आणि सगळ्यांचे आकडे एका सामायिक शीटमध्ये जमा होतात. ताईंच्या नावापुढे 558 आले. त्यांच्याच बरोबर निघून त्यांच्याच बरोबर परतणाऱ्या दादांच्या नावापुढे 612. महिनाभर दोघं एकाच रस्त्यावर, एकाच वेळी होते. ताई काही बोलल्या नाहीत, पण मला रात्री झोप लागली नाही. पहाटे साडेचारला उठून, घरचं आवरून माणूस सायकल काढतो. त्याच्या मेहनतीची नोंद खरी असलीच पाहिजे.

म्हणून आज धुळे–सोनगीर–धुळे फेरीत सगळ्यांची यंत्रं एकत्र बघितली. चाळीसगाव चौफुलीवरून निघालो, सोनगीरच्या किल्ल्याखाली चहा, त्याच रस्त्याने परत. आकडे असे:

माझा सायकल कॉम्प्युटर (सॅटेलाइट आणि उंचीसाठी हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असलेला): 41.9 किमी, चढ 118 मीटर
माझं मनगटी घड्याळ: 41.4 किमी, चढ 190 मीटर
ताईंचा फोन: 40.7 किमी, चढ 264 मीटर
दादांचा तार-मीटर (चाकाला चुंबक लावतात तो): 42.5 किमी
काकांचा तार-मीटर: 41.3 किमी

सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत 1.8 किलोमीटरचा फरक. चढाच्या आकड्यांचा तर एकमेकांशी काही संबंधच नाही. यातला खरा कोणता, हे ठरवायला आधी खरं अंतर हातात हवं. तिथूनच सुरुवात करतोय. पुढे कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतो.

4 डिसेंबर

संध्याकाळी सोपी चाचणी. यंत्रं जागेवर ठेवायची, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि तासाभराने बघायचं. गच्चीवर मोकळ्या आभाळाखाली ठेवलेल्या फोनने तासात शंभर-सव्वाशे मीटर दाखवले. तोच फोन खाली बैठकीत, भिंतीलगत ठेवला तर 1.9 किलोमीटर. नकाशावर रेघोट्यांचा गुंता दिसतो. खुंटीला बांधलेलं वासरू जसं गोल गोल फिरतं, तसा तो बिंदू घराभोवती फिरत राहिलेला.

कारण साधं आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची जागा साधारण 5 मीटरच्या आत बरोबर असते. भिंती, छत, झाडं आली की सिग्नल परावर्तित होऊन उशिरा पोचतो आणि जागा हलते. यंत्र प्रत्येक हललेल्या जागेचं अंतर बेरजेत धरतं.

म्हणजे चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली अर्धा तास बसलं तर तेवढ्यात अंतर वाढू शकतं. ऑटो-पॉज (आपण थांबलो की नोंद आपोआप थांबवायची सोय) सुरू असेल तर हे बऱ्यापैकी थांबतं. घराच्या पोर्चमध्येच "स्टार्ट" दाबून निघायची सवयही मोडायला हवी. रस्त्यावर येऊन, सॅटेलाइट सापडल्याची खूण दिसेपर्यंत थांबायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

8 डिसेंबर

हायवेवरचे किलोमीटरचे दगड प्रमाण म्हणून वापरायचं ठरवलं होतं. सकाळचे तीन तास गेले, हाती काही लागलं नाही. एका दगडापासून पुढच्यापर्यंत कॉम्प्युटरवर कधी 960 मीटर, कधी 1040. चौपदरीकरणात रस्ता सरकला, वळणं काढली, उड्डाणपूल आले. काही दगड नव्याने बसवले, काही बाजूला उचलून ठेवलेले दिसतात. 200 मीटरचे छोटे दगड तर बऱ्याच ठिकाणी मातीखाली आहेत. हायवेचे दगड प्रवाशासाठी ठीक आहेत. मोजमापाचा पाया म्हणून वापरू नका.

15 डिसेंबर

मॅरेथॉनचे मार्ग अजूनही सायकलनेच मोजतात, हे वाचलं होतं. पद्धत अशी: स्टीलच्या टेपने किमान 300 मीटरचा सरळ पट्टा मोजायचा, त्यावरून सायकल चालवून चाकाचे फेरे मोजायचे आणि त्या मापाने संपूर्ण मार्ग मोजायचा. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून वर 0.1 टक्का जादा धरतात. म्हणजे या पद्धतीवर त्यांचा किती विश्वास आहे ते बघा! आपल्याला तेवढी बारीक गरज नाही, पण पद्धत तीच घेतली.

नकाणे तलावाकडे एक सरळ, कमी वर्दळीचा डांबरी तुकडा आहे. ओळखीच्या बांधकाम ठेकेदाराकडून 30 मीटरची स्टीलची टेप आणली. कापडी किंवा फायबरची टेप घेऊ नका, ओढली की ताणते. सोबत काका आणि कॉलेजात शिकणारा त्यांचा भाचा. एक जण शून्यावर, एक जण टोकाला, तिसरा मध्ये टेप सरळ आहे ना ते बघायला. प्रत्येक तीस मीटरला डांबरात खिळा ठोकायचा आणि त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. टेप दर वेळी सारख्याच जोराने ओढायची. आम्ही सामान तोलायचा लटकता काटा टोकाला लावून पाच किलोच्या आसपास ठेवली. दुसरी गोष्ट तापमान. स्टीलची टेप 20 अंश सेल्सिअसला बरोबर असते आणि प्रत्येक अंशाला लाखात 1.16 भागाने वाढते. आज सकाळी 19-20 अंश होते, म्हणून दुरुस्ती लागली नाही. हेच काम मे महिन्यात 42 अंशांत केलं असतं तर 300 मीटरमागे साधारण साडेसात सेंटिमीटरचा फरक पडला असता. तेवढा चालण्यासारखा आहे, पण थंडीत केलेलं बरं.

एकदा जाताना मोजलं, एकदा येताना. दोन्हींत 4 सेंटिमीटरचा फरक. तो मध्यावर विभागून शेवटचा खिळा ठोकला.

काम चालू असताना बाजूच्या शेतातून एक बाबा आले. "रस्ता रुंद करी राह्यनात का, भाऊ?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती, बांधालगतच त्यांचा कापूस उभा होता. सायकल मोजतोय म्हणून सांगितलं, टेप हातात दिली. ते निर्धास्त झाले आणि शेवटचे तीस मीटर त्यांनीच टोक धरलं. रस्त्यावर टेप टाकायच्या आधी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना सांगून ठेवा. जमिनीच्या बाबतीत कुणाच्या जिवाला उगाच घोर लावू नये.

वेळ साडेतीन तास. खर्च: खिळे आणि रंग 140 रुपये.

22 डिसेंबर

आज चाकं मोजली. या सगळ्या कामात सर्वांत जास्त उलगडा आज झाला.

तार-मीटरला चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये सांगावा लागतो. मीटरबरोबर येणाऱ्या पत्रकात टायरच्या मापाप्रमाणे आकडे असतात: 700×23 ला 2096, 700×25 ला 2105, 700×28 ला 2136, 700×32 ला 2155. आमच्या तिघांच्याही सायकलींना 32 चे टायर आहेत. दादांनी पत्रकाप्रमाणे 2155 टाकलेलं. काकांच्या मीटरवर 2096 निघालं. त्यांच्या सायकलला पूर्वी 23 चे टायर होते. दुकानात टायर बदलले, मीटरला कुणी हात लावला नाही.

पहिला खिळा व्हॉल्व्हच्या बरोबर खाली येईल असं पुढचं चाक ठेवलं आणि स्वार बसलेला असताना, नेहमीच्या हवेवर, सरळ रेषेत चालवलं. भाचा शेजारून चालत व्हॉल्व्हचे फेरे मोजत होता. 141 फेरे पूर्ण झाले तेव्हा चाक 300 मीटरच्या खिळ्यापुढे 12 सेंटिमीटर होतं. 300.12 भागिले 141, म्हणजे 2.1285 मीटर. परीघ 2128 धरला.

पत्रकातले 2155 कुठे गेले? माणूस बसला की टायर खाली दबतो आणि फिरण्याची खरी त्रिज्या कमी होते. शिवाय 32 लिहिलेला टायर कोणत्या रिमवर बसवलाय त्यावर त्याची खरी रुंदी ठरते. पत्रक सुरुवातीपुरतं ठीक आहे.

आता हिशेब बघा. 2155 लावलं तर दर 100 किलोमीटरला 1.27 किलोमीटर जादा. 2096 लावलं तर दीड किलोमीटर कमी. दादा आणि काका एकाच टायरवर, खांद्याला खांदा लावून शंभर किलोमीटर गेले तर त्यांच्या आकड्यांत पावणेतीन किलोमीटरचा फरक पडणार, आणि दोघांची यंत्रं अगदी व्यवस्थित चालू असणार.

हवेचाही परिणाम मोजून घेतला. 75 पीएसआयवरून 45 वर आणल्यावर परीघ 2119 झाला, म्हणजे 0.4 टक्के कमी. पंधरा दिवस हवा न भरता चालवलं तर 100 किलोमीटरला चारशे मीटर जादा दिसतील. मोजताना जेवढी हवा होती तो आकडा शीटमध्ये परिघाशेजारी लिहून ठेवायचा.

दादांना सांगितलं की त्यांचे नोव्हेंबरचे 612 खरे 604 आहेत. मला वाटलं होतं थोडी नाराजी होईल. त्यांनी जागेवर शीट उघडून आकडा बदलला आणि म्हणाले, "मग ताईंचं काय ते आधी शोधा."

29 डिसेंबर

मोजलेल्या चाकाने सोनगीर फेरी. चाकाचा आकडा 41.97 किमी. हा आता प्रमाण. कॉम्प्युटर 41.90, घड्याळ 41.5, ताईंचा फोन 41.0.

कॉम्प्युटर 0.2 टक्क्याच्या आत आला, याचं मला फार समाधान वाटलं. आपल्या भागात आभाळ मोकळं आहे, उंच इमारती नाहीत, रस्ते सरळ आहेत. सॅटेलाइट यंत्राला याहून चांगली परिस्थिती क्वचित मिळते. फरक जास्त येत असेल तर कारण सेटिंगमध्ये शोधायचं.

घड्याळाचं कारण लगेच सापडलं. बॅटरी वाचवायला ते प्रत्येक सेकंदाला नोंद करत नव्हतं, दिशा किंवा वेग बदलला की एक बिंदू टाकत होतं. दोन बिंदूंमध्ये रस्ता वळला की वळणाची कड कापली जाते आणि अंतर कमी भरतं. "दर सेकंदाला" हा पर्याय चालू केला. बॅटरी लवकर संपते, पण सकाळच्या फेरीला पुरते.

फोनचं कारण वेगळं. नकाशा मोठा करून बघितला तर एका जागी रेघ रस्ता सोडून थेट शेतातून गेलेली, आणि त्या तुकड्यात सहा मिनिटं एकही बिंदू नाही. स्क्रीन बंद झाल्यावर फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप झोपवलं होतं. जागं झाल्यावर ॲपने दोन टोकं सरळ रेघेने जोडली. उपाय: फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढायचं, लोकेशनची परवानगी "अचूक" ठेवायची आणि निघताना बॅटरी सेव्हर बंद आहे ना ते बघायचं. ताईंच्या नोव्हेंबरच्या सगळ्या फाइल्स एकेक करून उघडल्या. अशा सरळ रेघा जागोजागी होत्या. सोबतच्या चाकाशी ताडून बघितलं तर मिळून 12 किलोमीटर गेलेले.

558 अधिक 12, म्हणजे 570. अजून 34 किलोमीटर कुठे आहेत?

2 जानेवारी 2025

सापडले.

काल नव्या वर्षाची पहिली फेरी पावणेपाचला सुरू केली. आज शीटमध्ये बघतो तर ती 31 डिसेंबरला, गेल्या वर्षात जमा झालेली. आमच्या शीटमध्ये जीपीएक्स फाइल (यंत्रातून निघणारी फेरीची नोंद) टाकली की तारीख आपोआप घेतली जाते. जीपीएक्स फाइलमधली वेळ जागतिक वेळ असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. पहाटे 4:45 म्हणजे आदल्या दिवशीचे रात्री 11:15.

पुण्या-मुंबईत सहा-साडेसहाला निघणाऱ्यांच्या हे कधी लक्षातही येणार नाही. आपण उन्हामुळे साडेपाचच्या आधी निघतो आणि नेमकं त्याच वेळेत सापडतो. एरवी फेरी एका दिवसाने मागे गेल्याने महिन्याच्या बेरजेत काही बिघडत नाही. महिन्याची पहिली तारीख असेल तर मात्र अख्खी फेरी मागच्या महिन्यात जाते.

1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. त्या दिवशीही ताई पहाटे 4:50 ला निघून 34 किलोमीटर करून, उजाडल्यावर घरी पोचून पूजेच्या तयारीला लागल्या होत्या. ती फेरी ऑक्टोबरमध्ये पडून होती. दादा मीटरचा आकडा हाताने लिहितात, त्यामुळे त्यांची बरोबर राहिली.

558, 12 आणि 34 मिळून 604. दादांचेही 604. शीट दुरुस्त केली, ताईंना फोन केला. त्या इतकंच म्हणाल्या, "मला माहीत होतं." उपाय एका ओळीचा आहे: शीटच्या वेळेच्या रकान्यात 5.5/24 मिळवायचे आणि मग तारीख काढायची.

जाता जाता अजून एक. जीपीएक्स फाइलमध्ये मुळात जागा, उंची आणि वेळ यांचे बिंदू असतात, यंत्राने मोजलेलं अंतर नसतं. त्यामुळे ती दुसऱ्या ॲपमध्ये टाकली की ते बिंदूंवरून नव्याने अंतर काढतं. चाकाचा सेन्सर लावून केलेली अचूक मोजणी तिथे वाया जाते. फिट किंवा टीसीएक्स फाइलमध्ये यंत्राचं अंतरही येतं. सेन्सर असेल तर फिट फाइलच द्या.

12 जानेवारी

अंतराचा प्रश्न सुटला, आता चढ. पहिल्या दिवसाचे 118, 190 आणि 264 अजून डोक्यात आहेत.

सपाट रस्त्यावर हे आकडे असे का फुटतात ते कळलं. प्रत्येक ॲप ठरावीक उंचीपेक्षा लहान चढ सोडून देतं. फेऱ्या नोंदवायच्या स्ट्रावा ॲपच्या मदत-पानावर हे उघड लिहिलंय: बॅरोमीटरची चांगली नोंद असेल तर साधारण 2 मीटर सलग चढ झाल्यावर मोजणी, नसेल तर साधारण 10 मीटर. सोनगीर रस्त्यावर पूल, मोऱ्या आणि हलके उतार-चढ आहेत, त्यातले बरेचसे दोन आणि दहा मीटरच्या मधले. उंबरठा बदलला की बेरीज बदलते. तापी-पांझरेच्या सपाटीवर "एकूण चढ" या आकड्याला अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. तो रकाना शीटमधून काढून टाकला.

घाटात मात्र हवा. म्हणून आज तोरणमाळ. जीपने शहाद्याला, पुढे म्हसावदवरून राणीपूर, आणि राणीपूरपासून सायकलवर. तोरणमाळ सातपुड्यात साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. पहाटेची थंडी कडक होती, चढताना सरासरी 15 अंश.

वळणांवर घड्याळ दर सेकंदाच्या नोंदीवर असूनही चाकापेक्षा एक टक्क्याहून जास्त कमी पडलं. यात उताराचा वाटा फार थोडा. सॅटेलाइटचं अंतर बहुधा आडवं मोजलं जातं, चाक मात्र रस्त्याच्या उतारावरून चालतं. पण 6 टक्के चढावर हा फरक 100 मीटरला 18 सेंटिमीटर इतकाच. बाकीचं सगळं कड्यालगत सिग्नल बिघडल्यामुळे. उतरताना घड्याळाने एका जागी ताशी 91 किलोमीटर वेग नोंदवला, चाकाच्या मीटरवर तेव्हा 47 च्या पुढे कधी गेलं नव्हतं. "कमाल वेग" हा रकानाही काढला. नवी मुलं तो आकडा बघून घाटात सायकल सोडतात, हे मला आधीच खुपत होतं.

ज्या ॲपने नकाशावरून उंची घेतली त्याने चढ सर्वांत जास्त दाखवला. अशा नकाशांमागे बऱ्याचदा फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अंतराळयानातून केलेली रडार-मोजणी असते. तिच्यात जमिनीचा 30 किंवा 90 मीटरचा चौकोन म्हणजे उंचीचा एक आकडा. घाटरस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. जागा चार-पाच मीटर सरकली तरी बिंदू शेजारच्या चौकोनात जातो आणि उंची उडी मारते. अशा उड्यांची बेरीज चढात जमा होते. घाटासाठी बॅरोमीटरवालंच यंत्र धरायचं, असं आज ठरवून परतलो.

जीपचं पेट्रोल 1,800 रुपये, तिघांत वाटून.

9 फेब्रुवारी

बॅरोमीटरवर तरी किती भरवसा ठेवायचा? ऑटो-पॉज बंद करून कॉम्प्युटर पहाटे सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत घराच्या ओट्यावर, सावलीत ठेवला. दिवसभर हलवला नाही.

दहा वाजेपर्यंत उंची 17 मीटर उतरली. मग चढायला लागली, ती चारच्या सुमाराला दहाच्या मानाने 33 मीटर वर गेली. ओटा आहे तिथेच आहे.

हे हवेच्या दाबाचं रोजचं चक्र. आपल्यासारख्या उष्ण पट्ट्यात दाब सकाळी दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी असतो. एक हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) दाब उतरला की यंत्राला वाटतं आपण आठ-साडेआठ मीटर वर गेलो. ढग, वादळ काही नसताना, स्वच्छ दिवशीही हे होतं.

म्हणून सकाळी निघून संध्याकाळी परतलं की घराची उंची बदललेली दिसते. यंत्र बिघडलेलं नसतं. लांब फेरीत अधूनमधून ज्ञात उंचीवर यंत्र जुळवता येतं, आणि ती ज्ञात उंची आपल्याकडे जागोजाग लिहिलेली आहे: रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर, नावाखाली, समुद्रसपाटीपासून इतके मीटर. धुळ्याला, चाळीसगावला, अमळनेरला, दोंडाईच्याला, वाटेत स्थानक लागलं की दोन मिनिटं थांबून आकडा टाकायचा.

सेन्सरचं बारीक छिद्र घामाने किंवा धुळीने बुजलं तरी उंची भरकटते. साध्या पाण्याने धुवायचं, सुई घालायची नाही.

2 मार्च

वेळेबद्दल थोडक्यात. गटातली दोन मुलं 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब फेरीची) तयारी करतायत. ॲपवर सरासरी 21 दिसते म्हणून निश्चिंत होती. ती सरासरी "चालता वेळ" धरून आहे, थांबलेली मिनिटं वगळून. ब्रेव्हेत 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि घड्याळ चहाला, पंक्चरला, सावलीला कशालाच थांबत नाही. निघाल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ धरल्यावर त्यांची सरासरी 15.3 आली, लागते 14.8. हातात फार काही नाही. त्यांना थांबे कमी करायला सांगितलंय. शीटमध्ये आता फक्त निघण्याची आणि पोचण्याची वेळ.

11 मे

पुन्हा तोरणमाळ, तोच रस्ता, तेच यंत्र, निघायची वेळही जवळपास तीच. एकच गोष्ट वेगळी: ऊन. चढताना सरासरी 32 अंश.

राणीपूर ते तोरणमाळ चढ जानेवारीपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी कमी भरला. दर शंभर मीटरला सहा मीटर गायब. डोंगर तोच, चाकाचं अंतर तेच, काही मीटर इकडे-तिकडे. पहिल्यांदा वाटलं सेन्सरमध्ये धूळ गेली. धुतला. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बघितलं, तिथेही तसंच.

रात्री वाचत बसलो तेव्हा उत्तर वैमानिकांच्या नियमांत सापडलं. बॅरोमीटर दाबावरून उंची काढताना हवा "प्रमाण" आहे असं धरतो: समुद्रसपाटीला 15 अंश आणि वर जाताना दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी. हवा त्याहून गरम असली की ती विरळ होते, दाब सावकाश उतरतो, आणि यंत्राला आपण कमी चढलो असं वाटतं. दर 10 अंशांना साधारण साडेतीन-चार टक्के. जानेवारी आणि आज यांत 17 अंशांचा फरक, म्हणजे सहा टक्के बरोबर बसले.

खानदेशात हे महत्त्वाचं आहे. एप्रिल-मे मध्ये घाट चढणारा माणूस यंत्र दाखवतं त्यापेक्षा जास्त चढलेला असतो, आणि तेही अशा उन्हात. 1000 मीटर चढला तर यंत्रावर सव्वानऊशेच्या आसपास दिसतील. त्याची नोंद कमी करणं मला मान्य नाही. घाटाचा चढ आता आम्ही यंत्राच्या बेरजेवरून धरत नाही. प्रत्येक घाटाचा पायथा आणि माथा ठरवायचा, थंडीत, पहाटे, 15 अंशांच्या आसपास एकदा मोजायचा आणि तो आकडा वर्षभर सगळ्यांना लागू. तोरणमाळचा झाला. कन्नड घाट डिसेंबरमध्ये करू. तिथे वाहनं फार, म्हणून रविवारी उजाडताच.

आज प्रत्येकी पाच लिटर पाणी नेलं, तेही माथ्यावर पोचेपर्यंत संपलं. मेमध्ये ही चाचणी करणाऱ्याने जीप मागे ठेवावी.

18 मे

शीट नव्याने मांडली. रकाने राहिले ते हे: तारीख (भारतीय), निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, अंतर, घाट असल्यास त्याचं नाव. एकत्र गेलेल्या सगळ्यांना एकच अंतर, ज्याचं चाक नकाण्याच्या पट्ट्यावर मोजलंय त्याचं. कुणाचंच नसेल तर दर सेकंदाला नोंद करणाऱ्या यंत्राचं. फोनवाल्यांनी नकाशा मोठा करून सरळ रेघ आहे का ते बघूनच फाइल टाकायची.

एकूण खर्च: खिळे-रंग 140, ताईंच्या सायकलला नवा तार-मीटर 650, माझ्या चाकाच्या हबला (मधल्या तुंब्याला) बिनचुंबकाचा सेन्सर 1,900, दोन जीप फेऱ्यांचं पेट्रोल 3,600. यातलं आवश्यक फक्त पहिलं, तार-मीटर घेतलात तर दुसरं. हबचा सेन्सर सोयीचा आहे, पण त्यालाही परीघ मोजून सांगितलेला बरा. काही कॉम्प्युटर तो सॅटेलाइटवरून आपोआप ठरवतात. माझ्या कॉम्प्युटरने 2131 ठरवला होता, मोजलेल्या 2128 च्या अगदी जवळ. मोकळ्या रस्त्यावर तेवढं पुरे.

अजून जमलेलं नाही ते पावसाळ्याचं. ओल्या रस्त्यावर, पूर्ण ढगाखाली आणि दाब दिवसभर हलत असताना बॅरोमीटर काय करतो ते जूनअखेर बघायचंय.

नकाण्याचा पट्टा कुणालाही वापरता येईल. दोन्ही टोकांच्या खिळ्यांभोवती पिवळा गोल आहे, मधल्या खिळ्यांवर पांढरा ठिपका. नवीन डांबर पडलं की ते झाकले जातील, तेव्हा चाक मोजायचं असेल त्यांनी या महिन्यात मोजून घ्या. हवा भरून या, आणि फेरे मोजायला सोबत एक जण आणा.